नारिंगी काचेचं साल

भूकंपात पडू नये म्हणून फळीला चिकटवलेली फुलदाणी सोडवायची तर दात साफ करायचा दोरा लागतो, हे गौतमीला त्या शनिवारी सकाळी कळलं आणि अकरा वाजेपर्यंत तिला त्या ज्ञानाचा वीट आला.

दोरा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायचा, फुलदाणीच्या बुडाखाली घालायचा, करवतीसारखा मागेपुढे ओढत खालचं चिकट मेण कापायचं, आणि मग फुलदाणी उचलायची नाही, हळूच पिळायची. उचलली तर फळीचा रंग निघतो. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या त्या घरात बैठकीत, जिन्यात, कपाटांवर आणि न्हाणीघराच्या खिडकीतसुद्धा, अशा एकशे बारा फुलदाण्या होत्या. दहापासून मायलेकींनी मिळून एकोणीस सोडवल्या होत्या.

"पीळ, ओढू नकोस," मारोती खुर्चीतून म्हणाले.

"बाबा, मी पिळतेच आहे."

"ओढते आहेस. आवाजावरून कळतं."

त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. रस्त्यापासून त्यांच्या दारापर्यंत एक्केचाळीस पायऱ्या होत्या, आणि गेल्या महिन्यात ते त्यातल्या अकराव्या पायरीवरून घसरले होते. हातात पोरिरुआच्या ऑप शॉपमधून, जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानातून, नुकतीच आणलेली धुरकट काचेची फुलदाणी होती. फुलदाणीला ओरखडा आला नाही. मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात नर्सने काय झालं विचारलं तेव्हा त्यांनी आधी फुलदाणी सुखरूप असल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी गौतमीने ठरवलं की आईबाबांनी आता पामर्स्टन नॉर्थला, तिच्या घराजवळच्या बिनपायऱ्यांच्या दोन खोल्यांत यायचं. बुधवारी सामानाचा ट्रक येणार होता. त्या दोन खोल्यांत काचेचं कपाट एकच होतं, तेही लहान.

"तीस," गौतमी म्हणाली. "तीस फुलदाण्या न्यायच्या. त्या कोणत्या ते तुम्ही ठरवा."

"मग दुसरा हातही मोडून टाक ना माझा."

"अहो, काहीही काय बोलता!" नंदा स्वयंपाकघरातून ओरडल्या. पण गौतमीची बाजू त्यांनी घेतली नाही. गेली अकरा वर्षं घरातली प्रत्येक सपाट जागा गिळत गेलेल्या त्या काचेला त्या एकांतात शिव्या घालत. मुलांसमोर मात्र नेहमी नवऱ्याच्या बाजूने उभ्या राहत. "तीस फार कमी होतात, गौतमी. माणसाने काय करायचं मग दिवसभर?"

तेवढ्यात गौतमीचा भाऊ सारंग आला. त्याचं घर पोरिरुआला, गाडीने पंधरा मिनिटांवर. आईबाबांना आपल्याकडे न्यायचं असं त्याच्या मनात होतं, पण त्याचं घर दुमजली, म्हणून तो वाद हरला होता आणि तेव्हापासून प्रत्येक कामाला तासभर उशिरा येत होता. त्याने सुपरमार्केटमधून केळ्यांची खोकी आणली होती.

"हे काय आहे?" गौतमीने खोकं उलटं केलं. "याच्या बुडाला एवढं मोठं भोक आहे."

"मग वर्तमानपत्र घाल. हीप्स आहेत गाडीत, ढीगभर."

"काचेसाठी भोकाची खोकी आणलीस तू?"

"तुला पाहिजे होतं ना सगळं हलवायला? मग तू आण खोकी."

"भांडू नका," मारोती म्हणाले. "आधी यादी करा. यादीशिवाय मी एकही वस्तू खोक्यात जाऊ देणार नाही."

यादी म्हणजे त्यांची वही. वेलिंग्टनच्या पाणीपुरवठ्यात त्यांनी सोळा वर्षं नकाशे काढले होते, आणि वहीतही तशाच सरळ रेषा होत्या: क्रमांक, आकार, रंग, साल, कुठे घेतली. गौतमीने लॅपटॉप उघडला आणि पानं टंकायला बसली. पहिल्याच ओळीवर ती थांबली. क्रमांक एक. 'नंदाची. व्हाइटफ्रायर्स. झाडाच्या सालीचा पोत. नारिंगी.' पुढे सालाच्या रकान्यात शिसपेन्सिलने काहीतरी लिहून खोडलेलं होतं, परत लिहून परत खोडलेलं होतं. कागद उजेडाकडे धरला की आकडे दिसत होते.

"आई," तिने सहज हाक मारली, "विमलमावशीची फुलदाणी सत्तर ते बहात्तरची कशी? ती तर अडुसष्टच्या जानेवारीतच गेली ना?"

"ते कच्चं लिहिलंय," मारोती म्हणाले. "तो रकाना रिकामा ठेव."

ते फार लवकर बोलले.

•

नंदांनी सव्वीस वर्षं पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काढली होती, आधी नागपुरात, मग इथे. रिपोर्ट हातात असूनही 'अजून आला नाही' म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना चांगला ओळखू येत असे. असा चेहरा त्या स्वतःसुद्धा कितीदा करून बसल्या होत्या. कणकेचे हात तसेच घेऊन त्या बैठकीच्या दारात आल्या.

"काय कच्चं लिहिलंय?"

"काही नाही गं. अंदाज आहे."

"कशाचा अंदाज?"

मारोतींनी गौतमीकडे पाहिलं, मग सारंगकडे. मदत मिळेल असं कोणी दिसलं नाही.

विमल ही नंदांची बारा वर्षांनी मोठी बहीण. सहासष्ट साली नर्स म्हणून इंग्लंडला गेली आणि दीड वर्षात न्यूमोनियाने तिकडेच वारली. तेव्हा नंदा दहा वर्षांच्या होत्या. एकोणऐंशीला त्यांच्या लग्नात आईने ती नारिंगी फुलदाणी जुन्या धोतरात गुंडाळून त्यांच्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, तुझ्या ताईने पहिल्या पगारातून पाठवली होती, तुझ्यासाठीच जपून ठेवली. नागपूर, मग वेलिंग्टन, तीन घरं, दोन मोठे भूकंप. ती कायम बुद्धमूर्तीशेजारी असायची. अठ्ठावीस जानेवारीला नंदा तिच्यात पांढरी फुलं ठेवत आणि मुलांना शेजारी बसवून वंदना म्हणत. सारंगला शाळेच्या सहलीला जायचं असलं तरी त्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून बसलेला असे.

"हा नारिंगी रंग," मारोती शेवटी म्हणाले, "इंग्लंडातल्या त्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याने एकोणसत्तर साली काढला. त्याच्या आधी नव्हताच. आणि आपल्या फुलदाणीवरची साल जरा पुसट आहे. साचा नवा असताना खाचा धारदार उठतात, वापरून वापरून झिजला की मऊ होतात. म्हणजे आणखी एखाददोन वर्षं पुढची."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या पगाराची नाही."

"म्हणजे कोणाची?"

"ते मला माहीत नाही."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

मारोतींनी प्लास्टरच्या कडेला नख लावलं. "दोन हजार चौदा साली."

नंदांनी मनात हिशेब केला. मग हात पदराला पुसायचे तेही विसरून समोरच्या खुर्चीत बसल्या. पीठ खुर्चीला लागलं.

"मी पोरिरुआच्या ऑप शॉपमध्ये तशीच एक पाहिली," मारोती भराभरा बोलू लागले. "निळी. खाली कागदी लेबल होतं अजून. म्हटलं, आपल्यासारखीच. म्हणून वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात रंगांची सालं होती. मला वाटलं, पुस्तक चुकलं असेल. पुस्तकं चुकतात. म्हणून आणखी शोधत गेलो. एखादी नारिंगी सापडली असती, जुन्या आकाराची, सदुसष्टच्या लेबलाची, तर निकाल लागला असता. एखादा प्रयोगाचा नग असतो, कामगार घरी नेतात. अपवाद असतात. वांगानुईपर्यंत जाऊन आलो मी. इकडे इंग्रज लोक आले तेव्हा बोटीतून किती काच आणली त्यांनी, मेल्यावर सगळी दुकानांत येते. कुठेतरी असायला पाहिजे होती."

गौतमीने लॅपटॉप हळूच मिटला. बापाच्या या वेडाला ती इतकी वर्षं म्हातारपणीचा छंद म्हणत आली होती. डॉक्टरला सांगतानाही तिने तोच शब्द वापरला होता.

"म्हणजे या सगळ्या..." सारंगने हाताने बैठक दाखवली. निळ्या, हिरव्या, राखाडी, माणकासारख्या लाल. फळीवर, जिन्यात, टीव्हीच्या मागे.

"तिच्यासाठी," मारोती म्हणाले.

"माझ्यासाठी!" नंदा उभ्या राहिल्या. "माझ्यासाठी तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं. एक! ते बोलवेना म्हणून तुम्ही एकशे बारा फुलदाण्या आणल्या! मी त्या पुसल्या. दर शनिवारी. अकरा वर्षं फडकं घेऊन त्यांच्या मागे मी, आणि काऊन आणता म्हणून विचारलं की तुम्ही म्हणायचे, आकार छान आहे!"

रागावल्यावर त्यांच्या बोलण्यात नागपूर येई, तसं आलं होतं.

"नंदा, तुझ्या आईने तुला जे सांगितलं होतं, ते मी कसं..."

"माझ्या आईचं मी बघेन. तुमचं सांगा."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"कारणं नकोत मला. कारणं ठेवा वहीत." त्या टेबलाकडे वळल्या. "गौतमी, मोहनदादाला फोन लाव. आत्ता. आणि मोठ्यावर ठेव, सगळ्यांना ऐकू दे. या घरात आता कोणी काही एकट्याने ऐकायचं नाही."

•

दुपारचे दोन वाजले होते. नागपुरात साडेसहा. फोन सारंगनेच लावला, कारण गौतमी आईला पाणी आणायला गेली होती, आणि नंतर त्याला वाटलं, आपण लावला नसता तर बरं झालं असतं.

मोहनमामा म्हणजे घराण्याचे वडीलधारे. सत्त्याहत्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. सारंगला त्यांची लहानपणापासून धास्ती. ते फोनवरही हजेरी घेतल्यासारखे बोलत.

"जय भीम. इतक्या सकाळी? भाऊजींचा हात कसा आहे?"

"दादा," नंदा टेबलावर वाकून म्हणाल्या, "विमलताई कधी वारली?"

पलीकडे चहाच्या कपाचा आवाज झाला.

"हे काय विचारणं झालं? अठ्ठावीस जानेवारी..."

"तिने मला दिलेली फुलदाणी सत्तरनंतरची आहे."

"फुलदाणी?"

"फुलदाणी, दादा. आईने लग्नात दिली ती. त्या रंगाची काच ती गेली तेव्हा जगात नव्हती. तुमच्या भाऊजींनी शोधून काढलंय. तो माणूस सालात चुकत नाही, बाकी कशातही चुको."

मारोतींनी मान खाली घातली. ही स्तुती होती की नाही, ते सारंगलाही कळलं नाही.

"जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं, नंदा?" मोहनमामा म्हणाले. "बाबा गेले, आई गेली..."

"आणि ताई? ताई गेली का?"

सारंगने फोन कट झाला की काय म्हणून पडदा पाहिला. सेकंद पुढे सरकत होते.

"दादा, मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला आता कोणी सांभाळायचं नाही. ताई गेली का?"

"नाही," मोहनमामा म्हणाले.

गौतमी पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली.

मग मामा बोलत राहिले, एकदम म्हातारे झाल्यासारखे. विमलचं लग्न विसाव्या वर्षी कामठीच्या एका मास्तरशी झालं होतं. हे नंदांना माहीत होतं. मास्तर तिला मारायचा, हे माहीत नव्हतं. दोन वर्षांच्या करारावर ती गेली आणि तिकडून तिने पत्र लिहिलं की मी त्या घरात परत येणार नाही. बाबा वस्तीच्या पंचकमिटीत होते. दुसऱ्यांच्या मुलींची भांडणं ते सोडवायचे. ते पत्र त्यांनी चुलीत घातलं आणि आठ दिवसांनी सांगितलं की तार आली. मास्तरने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. "आईला माहीत होतं. मला माहीत होतं, मी एकोणीस वर्षांचा होतो. तू लहान होतीस, तू बाहेर बोलली असतीस. फुलदाणी बहात्तरला आली. तिच्याबरोबरची एक नर्स सुट्टीवर आली होती, तिच्याजवळ आईसाठी पाठवली. आई ती कोठीत लपवून ठेवायची."

"आणि मी मोठी झाल्यावर?"

"मग तुझं लग्न झालं. तुझं सासर..."

"माझं सासर?" नंदांचा आवाज चढला. "माझं सासर म्हणजे हे समोर खाली मान घालून बसलेत ते! यांना कोण घाबरतं?"

"नंदा, वेळ निघून गेली होती. एकदा वेळ गेली की सांगता येत नाही. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी सांगू."

"ती कुठे आहे?"

"कॉव्हेंट्रीला. ऐंशी वर्षांची आहे, एकटी राहते. तिने पुन्हा लग्न केलं होतं, तो माणूस वारला. बुद्धपौर्णिमेला फोन करते मला. पाच मिनिटं." ते थांबले. "तुझी चौकशी करते. मी सांगत असतो, नंदाचं चांगलं चाललंय."

"तुम्ही सांगता!" नंदा म्हणाल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती. "सत्तावन्न वर्षं मी एका जिवंत बाईला फुलं वाहतेय, दादा. माझ्या पोरांना आंघोळ घालून बसवलं मी तिच्यासाठी. आणि तिला तुम्ही सांगता, माझं चांगलं चाललंय! नंबर द्या."

"मी आधी तिच्याशी बोलतो, मग..."

"नंबर द्या, दादा."

सारंगने नंबर केळ्यांच्या खोक्यावर लिहून घेतला, कारण कागद सापडला नाही. मामा एकेक आकडा दोनदा म्हणत होते, शुद्धलेखन घातल्यासारखे. शेवटच्या आकड्यानंतर त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण नंदांनी बोट पुढे करून फोन बंद केला. आपल्या आईने मोठ्या भावाचा फोन मध्येच बंद केलेला सारंगने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"लाव," त्या म्हणाल्या.

"आई, तिकडे आता रात्रीचा एक वाजलाय."

"मग?"

"ऐंशी वर्षांची बाई आहे. रात्री एकला फोन वाजला तर घाबरून काही व्हायचं. सकाळ होऊ दे तिकडे. आपल्याकडचे आठ वाजू दे."

नंदांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा तास. त्या इतक्या चिडल्या की त्यांना हसू आल्यासारखं झालं आणि मग ते हसू राहिलं नाही. गौतमीने पुढे होऊन त्यांचे खांदे धरले. दोघींच्या कपड्यांना कणीक लागली.

•

ते सहा तास कोणालाच कसे काढावेत कळेना, म्हणून सगळे काम करत राहिले. फरक एवढाच की आता नंदा गौतमीच्या बाजूला होत्या.

"तीस नाही," त्यांनी जाहीर केलं. "दहा."

"दहा?" मारोती उभे राहिले.

"दहा. बाकीच्या जिथून आणल्या तिथे परत."

"आई, दहा फार कमी होतात," सारंग म्हणाला. सकाळपर्यंत ज्याला सगळ्याच फुलदाण्या टेकडीवरून खाली लोटायच्या होत्या, तोच आता बापाच्या खुर्चीशेजारी उभा होता. "त्यांनी शोधलं म्हणून तर कळलं."

"शोधलं आणि गिळून बसले! न शोधणारा परवडला."

"ते वाईट हेतूने नाही बसले."

"मोहनदादाही वाईट हेतूने नाही बसले. माझ्या आयुष्यात वाईट हेतूचा एकही पुरुष नाही, सारंग. सगळे माझ्या भल्यासाठी तोंड शिवून बसतात. तू तेवढा शिकू नकोस."

सारंग खोक्याच्या बुडात वर्तमानपत्र घालू लागला. त्याच्या बायकोला न सांगितलेल्या एकदोन गोष्टी त्याला आठवल्या असाव्यात, असं गौतमीला वाटलं. तिने दोरा बोटांना गुंडाळला आणि पुढची फुलदाणी पिळली. चौदा साली बाबा बोलले असते तर, हे वाक्य तिच्या जिभेवर येत होतं. मावशी तेव्हा एकोणसत्तरची असती. विमानात बसू शकली असती. तिने ते वाक्य काढलं नाही, कारण बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून ते त्यांनी केव्हाच मनात म्हटलेलं दिसत होतं.

जेवणात कोणाचं लक्ष नव्हतं. पोळ्या झाल्याच नव्हत्या. सारंग कोपऱ्यावरच्या डेअरीतून, छोट्या किराणा दुकानातून, पाव घेऊन आला, तो सगळ्यांनी उभ्याउभ्या भाजीबरोबर खाल्ला.

पाच वाजता मारोती नंदांच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

"मी तुला दोनदा सांगायला आलो होतो," ते म्हणाले. "एकदा सोळा साली, भूकंपानंतर. आणि एकदा आईंच्या..."

"मग?"

"दोन्ही वेळा तू झोपली होतीस."

नंदांनी नळ बंद केला. "अहो, मी रोज सकाळी उठते," त्या म्हणाल्या आणि परत नळ सोडला.

•

आठ वाजले तेव्हा बाहेर अजून नोव्हेंबरचा उजेड होता आणि वाऱ्याने खिडक्या वाजत होत्या. नंदांनी साडी बदलली होती. का बदलली ते कोणी विचारलं नाही. खोक्यावरचा नंबर सारंगने वाचला, गौतमीने लावला, फोन टेबलावर मधोमध ठेवला. मारोती सगळ्यांच्या मागे, दाराशी उभे राहिले. आपल्याला थांबायची परवानगी आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

बराच वेळ घंटी वाजली. मग कोणीतरी उचलला आणि इंग्रजीत, खरखरीत आणि वैतागलेल्या आवाजात, शनिवारी सकाळी सात वाजता कोण बोलतंय असं विचारलं.

नंदा फोनवर वाकल्या. गौतमीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मी नंदा," त्या म्हणाल्या.

"कोन?"

"नंदा."

"जोरात बोल ना बाप्पा. फोनात पुटपुटू नको."

मारोती दारातून एक पाऊल पुढे आले. साठ वर्षं इंग्लंडमध्ये राहिलेल्या त्या बाईचं बोलणं त्यांच्या सासूबाईंच्या अंगणातलं होतं, जसंच्या तसं. आता नागपुरातसुद्धा असं कोणी बोलत नसे.

"ताई, मी नंदी. नंदी बोलतेय. कामठी रोडची."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग तोच आवाज, पण खूप हळू: "नंदी? तुले नंबर कोनं देल्ला?"

"जबरदस्तीने घेतला," नंदा म्हणाल्या आणि रडू लागल्या. रडता रडताच त्यांनी हात हलवून सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. "जा ना! उभे काय राहिलात? जा!"

तिघं बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. खाली जॉन्सनव्हिलचे दिवे लागू लागले होते. आतलं शब्दशः ऐकू येत नव्हतं, नुसता चढउतार येत होता. एकदा नंदा जोरात भांडत होत्या. एकदा दोन्हीकडून एकदम बोलणं चाललं होतं. एकदा सारंग कान देऊन म्हणाला, "हसतेय," आणि गौतमी म्हणाली, "नाही रे, रडतेय," आणि मग दोघंही म्हणाले, दोन्ही. थंडी वाढली तसं गौतमीने आपलं जाकीट बापाच्या पायांवर टाकलं.

"बाबा, तुम्ही नारिंगी शोधायला वांगानुईला गेलात तेव्हा आम्हाला मासे बघायला जातो म्हणून सांगितलं होतं."

"हो."

"मासे नव्हते का?"

"मासेही होते," मारोती म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने पायांवरचं जाकीट सारखं केलं. "सापडली नाही ते बरंच झालं. एखादी खोट्या लेबलाची सापडली असती तर मी ती खरी मानली असती. मला तशीच पाहिजे होती."

सारंगने बापाच्या प्लास्टरवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

पाऊण तासाने दार उघडलं. नंदांचा चेहरा सुजला होता आणि केस सुटले होते. फोन त्यांच्या हातात होता.

"तिला तुमच्याशी बोलायचंय," त्या मारोतींना म्हणाल्या.

"माझ्याशी? काय बोलू मी?"

"ते मी नाही सांगणार. मी तुमच्यावर चिडलेली आहे. बुधवारी ट्रक येईल तेव्हाही चिडलेलीच असेन, आणि पामर्स्टन नॉर्थलाही. पण ती फोन धरून बसलीय आणि तिला ऐकायला कमी येतं. मोठ्याने बोला."

मारोतींनी डाव्या हाताने फोन घेतला. तो कानाला लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"जय भीम, ताई."

"जय भीम. तूच काय तो काचवाला मारोती?"

"हो. मीच."

"एवढे वर्ष चूप राह्यला तू?"

त्यांनी वर पाहिलं. नंदा दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. दुपारपासून बायकोला सांगायला त्यांनी किती कारणं जुळवली होती. रंगाची, साच्याची, सासूबाईंची, झोपेची. त्यातलं एकही आता जिभेवर येईना.

"चूक झाली, ताई," मारोती म्हणाले. मग ताईंना ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा, खालच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात: "माझी चूक झाली. नंदाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

पलीकडून विमल काय म्हणाली ते फक्त त्यांना कळलं. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले, दोनदा "हो ताई" म्हणाले. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. नंदांनी पुढे येऊन पदराने त्यांचा चेहरा पुसला, जरा जोरातच, आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "आमचं अजून त्र्याहत्तरपर्यंतच आलंय."